एकाच रिळाचे चार दोर

अजूनही माझा विश्वास बसत नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक लिफ्ट पडू दिली नाही, त्याच्याच घरात, चपलांच्या कपाटावरच्या फळीवर, एका रविवारी दुपारी सगळं कोसळलं आणि आम्ही तिघं नुसते बघत राहिलो.

तो माणूस म्हणजे आमचे भावोजी, माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी लिफ्टच्या दाराला कान लावणार आणि घरात पाऊल टाकता टाकता सांगणार, "तुमच्या लिफ्टचा ब्रेक घासतोय हं." नमस्कार-चमत्कार त्यानंतर. ताई म्हणायची, "यांना माणसांपेक्षा माणसं वाहून नेणाऱ्या वस्तूच जास्त आवडतात."

चार डोकी जमली की त्यांचा एक ठरलेला खेळ असे.

"लिफ्ट किती दोरांवर टांगलेली असते, सांगा बघू?"

कोणीतरी हमखास म्हणायचं, एक.

"चार! तारेचे, चांगले जाडजूड. आणि त्यातला एकेक दोर एकट्याने भरलेली लिफ्ट पेलतो." मग आवाज खाली आणून ते विचारत, "आणि समजा, चारही तुटले तर?"

ऐकणारे गार. भावोजींना तेवढंच हवं असायचं.

"तरी कोणी मरत नाही. लिफ्टच्या पोटाखाली सेफ्टी ब्रेक असतो. त्याचं दोरांशी काही देणंघेणं नाही. लिफ्ट भलत्या वेगाने खाली निघाली की तो बाजूच्या रुळांना कचकन चावतो."

इथे ते स्वतःचे दात आवळून दाखवत. मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांच्याआधी मीच दात आवळायचे.

ताई बालवाडीत शिकवायची. तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण ती गोष्ट सांगायला लागली की रडणारं पोरसुद्धा नाक पुसायचं विसरायचं. नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी दुसऱ्या डॉक्टरांची नावं आठवायला लागले. ताईने मात्र विचारलं, "मग बोलायला किती दिवस आहेत?"

तेवढ्या दिवसांत तिने आपला आवाज भरून ठेवला. बेडरूमच्या खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या, फोन उशीवर ठेवला आणि बसली बोलत. बालवाडीतल्या झाडून सगळ्या गोष्टी. लांब राहणाऱ्या लेकीला पुढेमागे मूल होईल, त्याच्यासाठी अंगाई. आणि शेवटी खास नवऱ्यासाठी एक भाग: "अहो, ओले पाय पुसा." "अहो, त्या पंख्याकडे किती वेळ बघताय, जेवायला चला." हे चाललेलं असताना भावोजी बाहेर स्टुलावर पहारा देत बसलेले असायचे, कोणी बेल वाजवू नये म्हणून.

ऑपरेशन झालं. ताई वाचली, आवाज गेला. दवाखान्यातून तिला टॉर्चएवढं एक यंत्र मिळालं होतं. ते गळ्याला टेकवायचं, ओठ हलवायचे, की घरघरत, एका सुरात शब्द बाहेर पडतात. "तिला ते काही जमलं नाही," असं भावोजींनी मला सांगितलं आणि यंत्र टेबलाच्या खणात गेलं. ताई पाटीवर लिहायची, टाळी वाजवून हाक मारायची. मी एकदा त्या यंत्राचा विषय काढला, तर तिने लिहिलेलं सगळं फडक्याने पुसलं आणि भाजी चिरायला बसली. मी पण मग खोदून विचारलं नाही.

इकडे भावोजींच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ताईचा आवाज थोडा फोनमध्ये, थोडा लॅपटॉपवर, थोडा एका जुन्या हार्ड डिस्कवर, असा विखुरलेला होता. "उद्या यातलं एखादं बंद पडलं म्हणजे?" सगळं एका जागी सांभाळणारं आणि वायफायवरून घरात कुठेही ऐकवणारं एक मशीन घरीच बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. मी छापखान्यात डिझाइनचं काम करते. तिथे फायली ठेवायला असा एक डबा आहे, म्हणून मला बोलावणं आलं.

"भावोजी, तयार डबा मिळतो. दोन डिस्क घालायच्या, बटण दाबायचं, झालं काम."

"उघडता येतो?"

"उघडायचाय कशाला?"

"ज्या लिफ्टची मशीन रूम मला बघू देत नाहीत, त्या लिफ्टमध्ये मी पाय ठेवत नाही, मेहुणीबाई."

"मग इंटरनेटवर ठेवा. कंपन्या जागा देतात."

"म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या कुलपात? हिचा आवाज? छे!"

म्हणजे विचारायचं आपल्याला आणि करायचं मनातलं. शेवटी त्यांनी एका ऑफिसने काढून टाकलेला दणकट कॉम्प्युटर आणला. वीज गेली तर मशीन मध्येच लटकू नये, शांतपणे बंद व्हावं, म्हणून बॅटरी आणली. सॉफ्टवेअरसाठी तर त्यांनी मुलगी बघितल्यासारखी चौकशी केली. एक होतं सोपं, रंगीबेरंगी बटणांचं. ते त्यांना नटवं वाटलं. दुसरं रुक्ष, पण दर महिन्याला प्रत्येक फाईल आपणहून तपासायचं आणि कुठे खोट दिसली की ओरडायचं. "दरमहा सर्व्हिसिंग! याला म्हणतात शिस्त," म्हणत त्यांनी तेच घेतलं. निवड चुकीची नव्हती, हे मला आजही मान्य आहे.

चूक झाली ती डिस्कच्या दुकानात.

"काका, दोन डिस्क या लॉटमधल्या घ्या, दोन दुसऱ्या कंपनीच्या देतो," दुकानदार म्हणाला. "सगळ्या एकसारख्या नका घेऊ."

भावोजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने त्यांना नासकं दूध देऊ केलं होतं. "अहो, लिफ्टचे दोर बदलताना चारही एकदम बदलतात. एकाच रिळाचे, एकाच दिवशी कापलेले. एक या रिळाचा, एक त्या रिळाचा घातला की एक ताणतो, दुसरा ढिला पडतो, आणि सगळेच लवकर मरतात. मला एकाच खोक्यातल्या द्या. चार लावायला, एक जास्तीची."

"बरं, मग निदान वेगळी एक कॉपी तरी बाहेर..."

"कशाला? चारातली एक गेली तरी बाकीच्या तीन पेलतात. मी वाचलंय सगळं."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. जन्मभर माणसं टांगत आलेल्या माणसाला टांगायचं कसं हे आम्ही काय शिकवणार? डिस्कवरचे नंबर अगदी ओळीने निघाले, तेव्हा भावोजींना आनंदाने आभाळ ठेंगणं झालं.

मशीन चपलांच्या कपाटावरच्या फळीवर बसलं आणि ताईचा आवाज त्यावर चढला. ताईची प्रत्येक गोष्ट, प्रत्येक 'अहो' नीट नावानिशी लागली. आणि पुढच्या आठवड्यात मी गेले तर भावोजी गॅलरीत ड्रिल घेऊन उकिडवे बसलेले. जुन्या हार्ड डिस्कला आरपार भोकं पाडत होते! फोन आणि लॅपटॉपवरचं आधीच पुसून टाकलं होतं.

मी किंचाळलेच. "अहो, हे काय करताय?"

"नवे दोर चढले की जुने तिथल्या तिथे कापून टाकायचे, मेहुणीबाई. ठेवले की कोणीतरी चुकून परत वापरतं आणि जीव जातो. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात हे."

त्या वेळी मी आणखी काही बोलणार होते. पण मशीन तर चालू होतं, हिरवे दिवे लुकलुकत होते.

मग तो रोजचा नेमच झाला. भावोजी कामावरून येत, हातपाय धुऊन खुर्चीत बसत, हेडफोन लावत आणि डोळे मिटून घेत. ताई बोलायची, ते गालातल्या गालात हसायचे. आणि खरी ताई दाराच्या चौकटीला टेकून, हातात फडकं घेऊन त्यांच्याकडे बघत असायची. मला भरून यायचं. काय प्रेम आहे, म्हणायचे मी मनात.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. त्या रविवारी एक दिवा लाल झाला. भावोजींना वाईट वाटलं नाही, उलट त्यांना चेव चढला. मला मुद्दाम बोलावून घेतलं. "बघायला ये, एक दोर तुटलाय, पण लिफ्ट जागची हललेली नाही." मोठ्या थाटात त्यांनी मेलेली डिस्क काढली, कपाटातली जास्तीची लावली. आता उरलेल्या तिघींना आपल्यातलं सगळं वाचून काढून पाचवीला भरायचं होतं. दरमहाच्या तपासणीपेक्षाही हे काम त्या डिस्कना जड होतं. ताईने चहा आणला. आम्ही पडद्यावर पुढे सरकणारी पट्टी बघत बसलो.

आणि कपाटावरून आवाज आला. टक. टक टक.

भावोजींनी कप ठेवला आणि मशीनला कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी पाहिला.

"दुसरी," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, कान न काढताच, "अगं... तिसरी पण."

पट्टी थांबली. पडद्यावर एक ओळ आली, की आता साठा उघडता येत नाही. मी ती परत परत वाचली.  सगळ्या गोष्टी, ती अंगाई, ते 'अहो', एका चहाच्या वेळात गेलं सगळं. ताई ट्रे धरून उभी होती. तिच्या तोंडाकडे बघायची माझी छाती झाली नाही.

मेलेल्या डिस्कमधून काही निघतं का, हे बघणाऱ्या एका माणसाकडे आम्ही सगळं घेऊन गेलो. त्याने बरेच दिवस खटपट केली आणि हात टेकले. "एकाच खोक्यातल्या ना? एकाच दिवशी सुरू केल्या, सारखंच काम केलं, सारख्याच म्हाताऱ्या झाल्या. एकीला भार सोसवेना, तिथे दुसरीला कसा सोसणार?"

भावोजी पायऱ्या उतरताना मध्येच थांबले. लिफ्ट होती, पण ते तिच्याकडे वळलेही नव्हते.

"दोर चार घातले मी," ते म्हणाले. "सेफ्टी ब्रेक बसवलाच नाही."

या वेळी कोणी दात आवळले नाहीत.

घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि सवयीने हेडफोन कानाला लावले. हेडफोनचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, वायर नुसती मांडीवर लोंबत होती. डोळे मात्र मिटलेले. मला ते बघवेना. मी तांब्या घेऊन पाणी आणायला उठले, तेवढ्यात टेबलाचा खण उघडल्याचा आवाज झाला.

"अहो, जेवायला चला."

घरघरणारा, सपाट, पण स्पष्ट. भावोजींनी हेडफोन ओरबाडून काढले आणि आधी त्या सुट्या वायरकडेच पाहिलं! मग मान वळवली. ताई समोर उभी होती. यंत्र गळ्याला टेकवलेलं, अगदी नेमक्या जागी.

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. "ताई! तुला हे येतं?"

"कधीपासून येतंय." तिचे ओठ आणि ती घरघर अगदी जुळत होती. "हे कामावर गेले की रोज बोलते. भिंतीशी."

"मग आमच्याशी का नाही बोललीस?" भावोजींचा आवाज फाटला.

ताईने यंत्र पुन्हा नीट टेकवलं. "दवाखान्यातून आले, त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. तुम्ही हसून म्हणालात, बेअरिंग गेल्यासारखं वाजतंय."

"अगं... ते मी गमतीत..."

"मग हे मशीन आणलंत. रोज तिला ऐकत बसायचात. मी दारात असायचे."

 एवढी वर्षं जे मी प्रेम म्हणून बघत होते, ते ताई दारात उभी राहून सोसत होती. भावोजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तशातच हात खिशाकडे गेला. त्यांनी फोन काढला, अंगठ्याने रेकॉर्डिंगचं लाल बटण शोधायला लागले. काय म्हणावं या माणसाला!

ताईने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"भरून ठेवू नका," ती म्हणाली. "ऐका."

भावोजी उठले. लिफ्टच्या दाराला लावतात तसा त्यांनी तिच्या गळ्यापाशी कान नेला आणि म्हणाले, "बोल."