जॅकपायी गेलेलं 'तुम्ही'

माझे आजोबा, डेटलेफ आरेन्स, जन्मभर नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर रखवालदार होते. त्यामुळे जेवताना मीठ मागायचं तरी लाउडस्पीकरवरून सूचना दिल्यासारखं मागतात: "मीठ. इकडे. कडेकडेने."

मागच्या वर्षी आमच्या मोटरहोमचं, म्हणजे सुट्टीत राहायच्या गाडीचं, चाक पंक्चर झालं आणि मदतीची गाडी बोलवावी लागली. आजीने तिथेच जाहीर केलं, पुढच्या खेपेला डेटलेफने स्वतः चाक बदललं नाही तर मोटरहोम विकायचं आणि सुट्टीत हॉटेलात जायचं. हॉटेल म्हणजे आजोबांच्या मते दवाखानाच, फक्त गाद्या मऊ.

मग अख्खा हिवाळा जॅक निवडण्यात गेला. कात्रीसारखा उघडणारा जॅक त्यांनी दुकानातच नापास केला. म्हणे याचे गुडघे माझ्याहून वाईट. ट्रॉली जॅक दणकट, पण वजनाला धोंडा. गाडी साडेतीन टनांवर गेली की दंड, म्हणून आमच्याकडे आजीच्या मुरंब्याच्या बरण्यासुद्धा काट्यावर चढतात. शेवटी बॉटल जॅक आला. बाटलीसारखा उभा, लहानसा, लाल, पाच टन उचलणारा. अंगणात गाडीखाली सरकवून पाहिला, बरोब्बर बसला.

समुद्रकाठी या गाड्या लावायच्या आमच्या तळावर पहिल्या बिअरलाच सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. फक्त आजोबा आणि शेजारचे टीडेमान इतके उन्हाळे 'तुम्ही'वरच अडलेले. आमच्याकडे 'तुम्ही' म्हटलं की आडनाव आणि साहेब, 'तू' म्हटलं की पहिलं नाव; आणि 'तू' म्हणू या असं वयाने मोठ्याने सुचवायचं असतं. वयाने मोठे होते आजोबा, आणि ते काही सुचवत नव्हते. त्यात टीडेमाननी आजोबांच्या जॅकला अत्तराची बाटली म्हटलं. स्वतःच्या ट्रॉली जॅकचं कौतुक केलं ते वेगळंच.

एका सकाळी आजी पाव आणायला गेली आणि आजोबांना मागचं चाक बसलेलं दिसलं. ते शीळ घालत जॅक घेऊन खाली वाकले. शीळ थांबली. अंगणात पाहिलं होतं ते हवा भरलेल्या चाकावर. आता गाडी इतकी खाली बसली होती की बाटली उभी शिरेना.

टीडेमान मागे हात बांधून आलेच. आजोबांनी मान न वळवता त्यांचा ट्रॉली जॅक मागितला.

"तो घरी आहे," टीडेमान म्हणाले. "वजन जास्त होत होतं. बायको म्हणाली, एक तर जॅक ने, नाहीतर माझी सायकल."

पण गाडी समतल करायच्या पिवळ्या पाचरी त्यांच्याकडे होत्या. त्यांनी बसलेलं चाक पाचरीवर चढवायला लावलं, गाडी वर आली, खाली जॅक शिरला. स्टेपनी बसली तेव्हा आजी फाटकातून आत येत होती.

आजोबा घाईघाईने पुटपुटले, "टीडेमान साहेब, तुम्ही नुसते बघत होतात. एवढं सांगाल?"

"ज्याला 'तुम्ही' म्हणतो, त्याच्यासाठी मी खोटं बोलत नाही."

आजोबांनी आजीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि ग्रीसने माखलेला हात पुढे केला. "डेटलेफ."

"हार्टविग."

आजीने विचारलं, चाक कोणी बदललं. टीडेमान तयारच होते. "डेटलेफने. एकट्याने. मी नुसता बघत होतो."

आजीने पावांची पिशवी पायरीवर ठेवली. "डेटलेफने? मी पाव आणायला गेले तेव्हा तर आरेन्स साहेब होते." मग शांतपणे म्हणाली, "हॉटेल मी शोधते."

आजोबांनी हात पुसून फडकं जॅकवर टाकलं. मग त्यांनी टीडेमानना पहिलं मनापासूनचं 'तू' म्हटलं.

"हार्टविग, तुला एक आडनाव घेता आलं नाही?"