सांडलेली बाटली

माझा धाकटा चंदर बाटलीतलं औषध घेत नाही. खोकला झाला तर अडुळसा उकळून द्यावा लागतो. बाटली दिसली की तिच्यात कुणी बसलंय, असा बघतो.

सोळा वर्षांमागं तो आणि थोरला सावळीराम नाशिकला जाऊन नसबंदी करून आले. नवीन तऱ्हा होती, चिरा नाही, टाका नाही. डॉक्टर ती तपासून बघत होते. आमचं पेठकडचं गाव पोट धरून हसलं. आठ दिवस दोघं सायकल हातात धरून चालले.

तीन महिन्यांनी धातू बाटलीतून तपासायला द्यायची, तिच्यात बीज दिसलं नाही, मगच काम झालं समजायचं. तेव्हा दोघं दिंडोरीकडं द्राक्षांच्या छाटणीवर. मुकादम एकालाच सोडत होता. सावळीरामनं आपली बाटली भरून चंदरकडं दिली. ती एसटीत सांडली. दादा ओरडंल म्हणून चंदरनं काय करावं? भाकरी मोडावी तशी स्वतःचीच दोन बाटल्यांत वाटली. दोन्ही कागद चांगले आले.

दुसऱ्या वर्षी सावळीरामच्या बायकोला, भागीबाईला, दिवस गेले. त्यानं कागद तिच्यापुढं धरला.

"यात काय लिव्हलंय?"

"कागद काय माझ्या घरात नांदतो व्हय?" ती म्हणाली.

थोरली लेक त्यानं ठेवून घेतली. भागी पोटातलं घेऊन माहेरी सुरगाण्याला गेली. चंदर ओट्यावर नखं खात बसला. मला वाटलं, वहिनीवर माया लय.

यंदा भातकापणीला भागीची रोशनी, तेव्हा पोटात होती ती, बहिणीला भेटायला आली. तिनं विळा उचलला तो डाव्या हातानं, जीभ ओठात धरून. अगदी सावळीराम. चंदर बांधावर थोरल्याकडं गेला.

"दादा, तुझी बाटली सांडली व्हती रं."

सावळीराम दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून सुरगाण्याला गेला, दुपारी एकटाच आला. भागीनं चहा दिला म्हणे. आणि म्हणाली, "बाटलीवर इश्वास ठेवला ना? तिच्याच संगं नांद."

ऐकून चंदरनं घरातल्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, ओढ्याकाठी पुरल्या. माझी तेलाचीही गेली. तरी जेवताना मधेच घास थांबवतो.

"आये, काच वाजती का?"

मला कमी ऐकू येतं, तेच बरं.