एकवीस उणिवा

चार माणसं एकत्र बसून काही वाचू लागली की किस्से साचतातच. मी ते वहीत तारीखवार टिपून ठेवलेत. आज वही उघडली की हसू येण्याआधी मान खाली जाते.

मुंबईतल्या गिरण्यांच्या संपाला दहा-बारा वर्षं झाली होती. घोडपदेवच्या आमच्या चाळीत दर रविवारी दुपारी बबनच्या खोलीत बैठक भरायची. बबन कॉटन ग्रीनच्या गोदामात कामाला. तिथल्या रद्दीत त्याला एका उडत्या महानायकाची इंग्रजी चित्रकथा मिळाली. आठ भागांची, जगभर गाजलेली. इंग्रजी मला एकट्यालाच यायचं, तेही डिक्शनरी घोकून शिकलेलं. मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. ऐकायला बबन, त्याची बायको वासंतीवहिनी आणि शेजारचे सखारामभाऊ. भाऊ गिरणीत कापड विणायच्या साच्यावर होते, संपानंतर घरीच. मला मास्तर म्हणायचे. मी सांगेन ते त्यांच्या लेखी छापील.

*

पहिल्याच भागात नायकाचा झगा जळतो. दोन पानांनी बघावं तर कोरा करकरीत! मी वहीत लिहिलं, उणीव एक.

वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बायको शिवत असेल हो घरी. तिचं नाव कशाला छापतील?"

हे मी उणिवांत धरलं नाही. बायकांचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

*

दुसऱ्या भागात नायक अख्खं जहाज मध्यभागी धरून एका हातावर उचलतो. बबनला ते पटेना. गोदामात साधी पेटी उचलायची तरी चारी बाजूंनी साखळी लावावी लागते, असं धरलं तर जहाजाचे दोन तुकडे होतील, असं त्याचं म्हणणं.

मी लगेच वहीत घेतलं, उणीव सात. पुढच्या रविवारी यादी वाचून दाखवली तेव्हा हीच सगळ्यांना आवडली. बबनसुद्धा मान डोलावत म्हणाला, "मास्तरांचं डोकं बघा!"

मी पुढची उणीव वाचायला घेतली.

*

तिसऱ्या भागात नायक खलनायकाला उचलून एका गिरणीवर आपटतो. गिरणी कोसळते. नायक उडून जातो.

भाऊंनी विचारलं, आतल्या माणसांचं काय झालं? पुढे येईल, मी म्हटलं. चौथ्या भागात आलं नाही, पाचव्यातही नाही. भाऊ दर रविवारी आठवणीने विचारायचे. बबन चेष्टा करायचा, "भाऊ, तुमचं हजेरीचं मस्टर अजून चालूच!"

आठव्या भागात नायकाची मिरवणूक निघाली, फुलं उधळली गेली, कथा संपली. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. लेखकाने त्या माणसांचा शब्दही काढलेला नव्हता. तेवढंच सांगायचं होतं. पण पाच आठवडे "पुढे येईल" म्हणणारा मास्तर आता नाही कसं म्हणणार?

"अहो, ती गिरणी बंद होती," मी म्हटलं. "तसं लिहिलंय. आत कोणी नव्हतं."

"मग बरं झालं," भाऊ म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा घेतला.

*

गणपतीत चाळीचा हस्तलिखित अंक निघायचा. त्यात माझा लेख होता, त्या महान कथेच्या एकवीस उणिवा. झगा, जहाज, मनगटावरचं उजवीकडून डावीकडे जाणारं घड्याळ, सगळं आलं. गिरणी तेवढी आली नाही. ती घेतली असती तर भाऊंना सांगितलेलं उघडं पडलं असतं.

लेख मांडवात वाचला. टाळ्या पडल्या. सर्वांत जास्त वेळ भाऊ वाजवत होते.

*

विसर्जनानंतर भाऊंनी तिसरा भाग मागून नेला, नुसती चित्रं बघतो म्हणाले. चार दिवसांनी परत घेऊन आले. उंबऱ्यातच उभे राहिले. चष्मा पुसला, एक पान उघडलं आणि गिरणी कोसळण्याआधीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"मास्तर, इंग्रजीत काय लिहिलंय ते तुम्हालाच ठाऊक," ते हळू आवाजात म्हणाले. "पण बंद गिरणीच्या चिमणीतून धूर येत नाय. आमची मी रोज बघतो."