खिडकीपाशी मशीन, भिंतीत पलंग

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि शिलाईवाल्या काकूंनी जाकिटाला खिसा लावायला घेतला आहे. कापड काळं, दोरा काळा, अस्तरही काळंच. एका हॉटेलातल्या वेटरांची ही जाकिटं उद्या द्यायची आहेत. काळ्यावर काळी टीप घालायला दिवसाचा उजेड लागतो. दिव्याखाली टीप सरळ वाटते आणि सकाळी पाहावं तर ती भलतीकडेच गेलेली असते. म्हणून काकूंचं मशीन खिडकीपाशी आहे. बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेला खांब आणि खिडकीची भिंत यांच्यामध्ये एक खाच आहे, तिच्यात ते बरोबर बसतं. दुपारपर्यंत तिथे चांगला उजेड असतो.

आज दहा वाजता सुतार येणार आहे. तो भिंतीत मिटणारा पलंग आणणार आहे, वर कपाटं, खाली खण असलेला, आणि तो पलंग नेमका या खाचेत उभा राहणार आहे. मशीन जाणार आहे बाथरूमच्या दाराबाहेरच्या बोळात, जिथे भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय पायातली चप्पल दिसत नाही.

ज्यांनी हे ठरवलं ते काका समोरच्या दिवाणावर झोपले आहेत. निवृत्त झाल्यापासून ते आठला उठतात. नोकरीत असताना ते एका गोदामाचे स्टोअरकीपर होते. माल कसा रचावा यात त्यांचा हातखंडा होता आणि ते खोटं नाही. जिथे दुसऱ्याला दोन ट्रकांचा माल मावत नसे तिथे ते तीन ट्रकांचा बसवत. पंचाईत एवढीच झाली की नोकरी संपली आणि रचण्याची खुमखुमी संपली नाही. हाताशी उरलं ते एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात भर म्हणून मोबाइलवर छोटी घरं सजवण्याचे व्हिडिओ सापडले.

पहिल्यांदा आला आरसा. समोर आरसा लावला की खोली दुप्पट दिसते, असं व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं. दिसली. पसाराही दुप्पट दिसला. शिवाय माप द्यायला आलेल्या बायका दारातून आत येताच स्वतःला न्याहाळू लागल्या आणि दारातच खोळंबू लागल्या. मग प्रत्येक दरवाजामागे हुकांची रांग आली. तेव्हापासून या घरातला एकही दरवाजा भिंतीला टेकत नाही. मग आलं पेटीचं स्टूल: वर गादी, आत अस्तराची कापडं. अस्तर हवं असलं की काकूंना गिऱ्हाइकाला उठवावं लागतं. एक जाड्याशा बाई ब्लाउजच्या एका मापात चारदा उठल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत. भिंतीवर मिटणारं जेवणाचं टेबल आहे, ते उघडलं की फ्रिज उघडत नाही. फ्रिज उघडायचा तर आमटी हातात धरून उभं राहायचं.

काकूंनी हे सगळं सोसलं. लग्न झालेल्या मुलीने फोनवर विचारलं की बाबा खूश आहेत का, तर त्या म्हणत, घरात एक वस्तू काढायला तीन हलवते आहे, बाकी सगळं ठीक. पण मशीनचा विषय निघाला आणि त्यांचा पारा चढला. मशीन त्यांनी मुलगी बालवाडीत होती तेव्हा घेतलं. काकांचा पगार अडला त्या वर्षी घर त्याच्यावर चाललं. आज त्यांची गिऱ्हाइकं टिकून आहेत ती टीप सरळ येते म्हणून. बोळात बसून काळं कापड शिवलं तर हॉटेलचं काम एका खेपेतच जाईल, हे त्या महिनाभर वेगवेगळ्या शब्दांत सांगत होत्या. काकांचं उत्तर प्रत्येक वेळी तेच: मोठा माल मागच्या भिंतीला, दारापाशी मोकळं. नियम आहे.

"गोदामात माणसं राहत नाहीत हो," काकू एकदा म्हणाल्या.

"म्हणूनच तिथे शिस्त असते," काका म्हणाले.

सुतार दहाच्या सुमारास आला, दोन हमाल आणि टेम्पोभर प्लाय घेऊन. सांगाडा वर्कशॉपमध्येच जोडलेला होता. दिवाण सकाळीच खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना देऊन टाकला होता. मशीन ओढून खोलीच्या मधोमध आणलं. काकू अर्ध्या जाकिटासह स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. हमालांनी सांगाडा तिरका करून आत घेतला, खाचेसमोर उभा केला आणि ढकलला. तो खांबाला अडला. खिडकीच्या बाजूने दाबला, तर खांबाच्या बाजूने बाहेर राहिला. सुताराने आपली स्टीलची टेप काढली, खाच मोजली, सांगाडा मोजला आणि कपाळाला हात लावला.

"काका, एका इंचाने जास्त आहे."

काकांना ते पटणं शक्यच नव्हतं. माप त्यांनी स्वतः घेतलं होतं, तीनदा घेतलं होतं, आणि दर वेळी साठ इंचच भरलं होतं. सुताराने बाजूला थोडी फट ठेवू म्हटलं होतं, तर फटीत झुरळं होतात म्हणून तीही त्यांनी ठेवू दिली नव्हती. आता ते सुताराच्या टेपवर घसरले. टेप ओढून ओढून खराब झाली असेल, म्हणाले. सुतार शांतपणे म्हणाला की दोन्ही त्याच टेपने मोजलंय, खराब असली तरी दोन्हीकडे सारखीच खराब असेल.

"थांब, मी कशाने मोजलं ते दाखवतो," असं म्हणून काकांनी मशीनचा खण उघडला आणि पिवळी कापडी टेप काढली.

काकूंनी ती पाहिली आणि जाकीट खाली ठेवलं. या टेपचं टोक विरलं होतं, पुढची पत्र्याची पट्टी निघाली होती, म्हणून त्यांनी पहिला इंच कापून टाकला होता. ती एकपासूनच सुरू होते. काकू तिच्यावर छाती, कंबर, बाही काहीही मोजतात आणि मनातल्या मनात एक वजा करतात. इतकी सवय झाली आहे की वजा केलं हेही त्यांना कळत नाही.

"मी सांगितलं होतं, माझी टेप घेऊ नका," काकू म्हणाल्या.

"टेप ती टेप. मला वाटलं, कापडं मळतील म्हणून म्हणतेस."

"का घेऊ नका, हे विचारलंत का?"

काकांनी टेपचं टोक डोळ्यांजवळ नेलं. सुतार खिडकीबाहेर बघू लागला. एका हमालाला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात ढकललं.

पुढचा अर्धा तास काकांनी उपाय सुचवण्यात घालवला. खांबाचं प्लास्टर खरवडू. सुतार म्हणाला, मी हात लावणार नाही, सोसायटीवाले मलाच धरतील. मग सांगाडा कापू. एक इंच कापायला सगळा उकलावा लागतो, परत वर्कशॉपला न्यावा लागतो, आणि दिवाण तर गेला, मग रात्री झोपायचं कुठे? काका मशीनवर टेकून विचार करत राहिले. शेवटी काकूंनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं, जिथून दिवाण हलला होता. तिथे खांब नाही. सांगाडा तिथे सहज उभा राहिला. दारापाशी मोकळी होणार होती ती जागा गेली, काकांचा नियम मोडला.

सुताराने पलंग पाडून दाखवला. तो खोलीभर पसरला आणि पायथा थेट मशीनच्या खाचेसमोर आला. पलंग खाली असताना मशीन खाचेत राहतं, पण स्टूल ठेवायला जागा उरत नाही. म्हणजे पलंग पडलेला असेल तर काकूंना शिवायला बसता येणार नाही. काकांच्या चेहऱ्यावर किंचित उजेड पडला. मशीन बोळात हलवलं तर दोन्ही होईल, असं त्यांनी सुरू केलं.

"मशीन हलणार नाही," काकू म्हणाल्या. "पलंग मिटतो. मिटतो म्हणूनच केलात ना?"

"मिटतो, पण मी त्यावर असेन."

"मग उठा."

सुताराने हत्यारं गोळा करायला घेतली. जाताना त्याने काकांना सांगितलं की गादी, चादर, उशी आत राहिली तरी चालते, माणूस मात्र राहत नाही. काकांना तो विनोद आवडला नाही. काकूंनी सुताराला चहा दिला, मशीन पुन्हा खाचेत ढकललं आणि उरलेल्या उजेडात राहिलेले दोन खिसे लावले. आता राहिली आहेत बटणं आणि काजं, ती सकाळची कामं.

संध्याकाळी काकांनी व्हिडिओतल्या बाईचं घर पुन्हा पाहिलं. तिच्या घरात शिलाई मशीन नव्हतं.

हॉटेलचा माणूस उद्या अकराला जाकिटं न्यायला येईल. त्यासाठी काकू सहाला मशीनवर बसतील आणि पलंग पावणेसहाला भिंतीत जाईल.