मथीमावशीची फुंकणी

समोर चूल नाही, विस्तव नाही, आणि ही बाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून लोखंडी फुंकणीतून सावकाश फुंकतेय. जव्हार तालुक्यातल्या आमच्या आश्रमशाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी पाहिलेली मथीमावशी ही अशी. काय फुंकताय, असं मी विचारलं. तिने आधी श्वास संपेपर्यंत फुंकलं, मग म्हणाली, "दम. तू नवी बाई ना? बस, उभी नको राहूस."

ती सगळ्यांना तू म्हणायची. मला, अधीक्षकांना, तपासणीला आलेल्या साहेबांनासुद्धा. रोज दाभोशाहून जीपने यायची आणि शाळेतल्या सगळ्या मुलींसाठी भात-आमटी एकहाती रांधायची. शाळेत गॅस येऊन बराच काळ झाला होता, तरी फुंकणी तिच्या कमरेला खोचलेली असायची. भाताला उकळी येत असतानाच कधी तिचा श्वास अडकायचा, हात थरथरायचे, ओठांना मुंग्या यायच्या. आता आपण जातोच, असं तिला वाटायचं. मग पायरी आणि फुंकणी. "लोक सांगतात, जोरात दम घे. घेऊन घेऊन भरला, मग नवा कठं मावल? आधी सोडायचा," असं तिचं म्हणणं होतं. काही दिवस तर ती बोलायचीच नाही. तांदूळ निवडता निवडता हात थांबायचा आणि तिच्या ताटातली भाकरी तशीच वाळायची.

जो तो तिला कारण विचारायचा. नवरा पितो का, घरात कोणी गेलं का, सून भांडते का. नवरा साधा होता, मुलं धडधाकट होती, नागली बरी पिकली होती. मीही शेवटी विचारलंच, तेव्हा ती उसळली. "ताप आला का इचारता, कशापायी आला? गोळी देता. माझे दमालाच कारण कशाला पायजे?"

माझा शहाणपणा मात्र सुटला नाही. मी तिला जव्हारला नेलं. छातीचा फोटो, रक्त, हृदयाची पट्टी, सगळं काढलं आणि सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर तिच्याकडे न बघताच "काही झालेलं नाही" म्हणाले आणि तेच कागदावर लिहून दिलं. मला केवढा आनंद! तो कागद मी स्वतःच्या हाताने, मिरवत, अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "काही झालेलं नाही ना? मग रोज पायरीवर बसते ते नाटक झालं." मावशी रोजंदारीवर होती. उद्यापासून येऊ नकोस, एवढं सांगून तिची इतक्या वर्षांची नोकरी संपवली. साधं पत्रही दिलं नाही. आजही अधीक्षकांच्या खोलीवरून जाताना माझं डोकं तापतं. त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त त्या मिरवणाऱ्या बाईचा, म्हणजे माझा.

मी दाभोशाला माफी मागायला गेले तेव्हा ती अंगण सारवत होती. तिने मान वर केली नाही. "माझेकडं काय रडतीस? कागद ज्याला दिलास त्याचेकडं जा."

मग मी तिला मोखाड्याला आठवड्यातून एकदा बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला निवांत बोलू दिलं. हा चिंतेचा आणि उदासीचा आजार आहे, छाती स्वच्छ असली तरी दम खरोखरच लागतो, असं समजावलं, गोळ्या लिहून दिल्या आणि दर महिन्याला यायला सांगितलं. फुंकणी हातात घेऊन पाहिली आणि ही सोडू नका म्हणाल्या. त्यांचा कागद घेऊन मी धावत अधीक्षकांकडे गेले. त्यांनी तोही वाचला. "डोक्याचं आहे होय? मग तर मुलींजवळ अजिबातच नको."

हे मी मावशीला जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पयले काय नाय म्हणून काढली, आता हाय म्हणून घेत नाय. जा, त्याचेच डोक्याचा फोटो काढ."

मावशी आता शेतावर असते. काही दिवस बरे जातात, काही दिवस अंथरुणातून उठवत नाही, पण महिन्याची गोळ्यांची फेरी ती चुकवत नाही. जीपवाला तिच्यासाठी पुढची जागा ठेवतो आणि कारण विचारत नाही. शाळेने मात्र तिला परत घेतलं नाही.

गेल्या वर्षी, फळ्यावर लिहिता लिहिता, माझाच श्वास अडकला. खडू हातातून पडला. दोन-तीनदा तसं झालं, तेव्हा मी मोखाड्याला जाण्यासाठी रजेचा अर्ज केला आणि कारणापुढे लिहिलं, 'दम लागतो.' अधीक्षकांनी चष्मा वर केला. "कशामुळे?"

मी आधी श्वास संपेपर्यंत सोडला.

"ताप आला असता तर विचारलं असतंत का?"

त्यांनी बसा म्हटलं नव्हतं. मी समोरची खुर्ची ओढली, बसले, आणि सही होईपर्यंत उठले नाही.