आत्यानं शेंदूर लावलेला गोटा

माह्यी सासू म्हणजे माह्यी सख्खी आत्याच. लगन होऊन केळझरले आली, तईं तिनंच मले गावाबाहेरचं ते पडकं शहर दाखोलं. लोक सांगत, पांडवाच्या काळचं हाये. आमाले दिसे ते मातीचे ढिगारे, हातभर लांब इटा, खापरं अन् एक बांधीव इहीर. आमी तिथं गवत कापाले जाओ.

त्या ढिगाऱ्यात आत्याचा देव होता. गुडघ्याएवढा गोटा, शेंदराचे थरावर थर, नाक दिसे ना डोळे. गावातल्या देवळाची पायरी आमाले चढू देत नोते. आत्या म्हणे, "याले पुजारी नाई, दार नाई. मी हात लावून पाया पडतो, कोण हटकते मले?" अन् पदरानं त्याची धूळ पुसे.

मंग आमी नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. पांढरं लुगडं नेसून उनात बसलो, जुने देव मानणार नाई अशी शपथ घेतली. वापस आल्यावर घरचे देव नदीत सोडले. आत्यानंही सोडले. पण चार दिवसांनी पाह्यलं तं तेलाची वाटी घेऊन ढिगाऱ्याकडं चालली.

"काऊन वो आत्या? शपथ घेतली नं?"

"घेतली नं. घरचे सोडले. हा काय घरचा हाये?"

मी जवान होती, अंगात शपथ भरलती. दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. गोटा लोटत लोटत नेला अन् इहिरीत टाकला. आत्यानं रिकामी जागा पाहून मले पुसलं, तं मी मनलं, "नेला असन कोणी."

उन्हाळ्यात वस्तीत बुद्धाचा फोटू आणला. मांडी घातलेली, हात मांडीवर, लांब कान. आत्या लय वेळ पाहत राह्यली. मंग मने, "माह्या त्याची मांडी हाताले अशीच लागे."

बाया हासल्या. "बुढीले सारेच गोटे सारखे."

मी हासली नाई. सकाळी इहिरीवर गेली. पाणी खाली गेलतं, शेंदूर निघालता. कुरळे केस, मिटलेले डोळे, लांब कान. मान तुटून बाजूले पडलती. काढाले कोणाले बोलावू? बोलावलं तं टाकला कोणं, हे सांगा लागे. तशीच गवताचा भारा घेऊन घरी आली.

पुढं लय दिवस काढले. अंबाडीच्या भाजीवर उन्हाळे काढले, दोन लेकरं मातीत देल्ली. ते सोसलं. हे तसं सोसल्या गेलं नाई, कारण हे मीच केलतं.

आत्या त्याच्यामांगं दहाएक वर्स जगली. फोटूपुढं मेणबत्ती लावे अन् कधी मले पुसे, "ज्यानं नेला, त्यानं बरा ठेवला असन वो त्याले?"

मी चुलीत काडी सारत मनो, "हव."