सोपानचं पेट्रोल

ग्लेशियरवरची आमची लष्करी पोस्ट सोळा हजार फुटांवर होती. पुण्यात मी एकवीस हजार सांगतो. थंडी उणे अठ्ठावीस असायची, मी उणे पन्नास सांगतो, आणि समोरचा नवखा असला तर वर वाराही घालतो. हवेत फेकलेल्या चहाची खडीसाखर होऊन पडायची आणि आम्ही ती वेचून पुन्हा उकळायचो, हेही मीच हडपसरभर पसरवलं. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. आमच्या उसाच्या जागी इमारती आल्या, ऐकणारे वाढले, उंचीही वाढत गेली. इथे मात्र आकडे खरे लिहितो आहे. वेळा तर मिनिटासकट खऱ्या आहेत. विसरायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

त्या वेळी मी नाईक होतो. नाईक तुपे, स्नो स्कूटरचा ड्रायव्हर. स्नो स्कूटर म्हणजे बर्फावरची मोटारसायकल समजा. पुढे दोन स्की, खाली रुंद रबरी पट्टा, मधे पेट्रोलचं टू-स्ट्रोक इंजिन, मागे ओढायला स्लेज. केरोसिन, रेशन आणि आजारी माणूस, सगळं तिच्यावरच. आमच्या पोस्टला हेलिपॅड होतं. वरच्या पोस्टला नव्हतं. वरचा आजारी आमच्याकडे आणायचा आणि हेलिकॉप्टरमध्ये चढवायचा, हे माझं काम.

गाड्या दोन. एक दुरुस्तीला खाली वर्कशॉपमध्ये गेलेली. उरलेल्या एकीसाठी स्टँडिंग ऑर्डर होती. दर दोन तासांनी बाहेर जायचं, इंजिन दहा मिनिटं चालवायचं आणि गाडी दोन हात पुढे, दोन हात मागे करायची. उभी ठेवली तर पट्टा बर्फाला चिकटून बसतो. मग रेडिओवर खाली बेस कॅम्पला दोनच शब्द सांगायचे: "घोडा गरम."

पेट्रोल गाळायचं काम लान्स नाईक सोपान ढमालेचं. भोरकडचा. जेरीकॅनमधलं पेट्रोल तो शामी कातड्यातून गाळायचा, म्हणजे पाण्याचा थेंब वर राहतो आणि पेट्रोल खाली उतरतं. ऑर्डर एकदा गाळायची होती, तो दोनदा गाळायचा. माझ्या गोष्टी ऐकताना हसायचा नाही. हातातलं काम न थांबवता एवढंच विचारायचा, "नाईक, ह्यात चिमूटभर तरी खरं हाय का?"

हे आज लिहायचं कारण मार्केट यार्डातले मटार.

पुण्यात बर्फ उसाच्या रसात आणि मासळीवर. तरीही पुण्यात बर्फावरच्या गाड्यांसाठी भांडणारी माणसं आहेत, आणि दर रविवारी भांडतात. एका बाजूला रिटायर्ड नायब सुभेदार साळुंखे. आमच्या खालच्या वर्कशॉपचा मेकॅनिक, आता खडकीत गॅरेज. भंगारातलं टू-स्ट्रोक इंजिन आणून त्याने स्वतः स्नो स्कूटर बांधली आहे. दुसऱ्या बाजूला केतकी. हडपसरच्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर, विजेवरची स्नो स्कूटर बनवते. मी दोन्हीकडचा चहा पिणारा साक्षीदार.

"ग्लेशियरवर चार्जिंगचा प्लग कुठे लावणार?" साळुंखे म्हणायचा. "याकच्या शेपटीला?"

"सोलर लावू. पोस्टवर जनरेटरही असतो. आणि पेट्रोल तिथे काय झऱ्यातून येतं का काका?"

"वरून टाकतात. कॅन फुटला तरी अर्धा उरतो. तुझी बॅटरी फुटली तर होळी."

"तुमची गाडी दोन कोसांवरून ऐकू येते. माझी शेजारून गेली तरी कळणार नाही."

"घरजावईही तसाच असतो. त्यात कौतुक काय? थंडीत बॅटरी निम्मी होते, हे खरं की नाही?"

"खरं. म्हणून तर तिला आत हीटर आहे."

"म्हणजे ऊब हवी म्हणून स्वतःचंच रक्त प्यायचं. वा!"

मग दोघं माझ्याकडे वळायचे आणि मी पेट्रोलच्या वडीची गोष्ट काढायचो. पेट्रोल इतकं गोठलं की सुरीने वड्या पाडून टाकीत टाकल्या. सगळे हसायचे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी केतकीने मला बाजूला घेतलं आणि न हसता विचारलं, "काका, वडी सोडा. खरंच काय झालं होतं? तुम्ही मागे म्हणालात, एक माणूस गेला."

मी तिला चौकशीच्या रिपोर्टातलं सांगितलं. पेट्रोलमध्ये पाणी राहिलं, इंधनाची लाइन गोठली, गाडी वेळेवर सुरू झाली नाही. वडी ही थाप होती. पाणी हे खोटं होतं. थाप ऐकणाऱ्यालाही कळते, म्हणून तिच्याने कुणाचं बिघडत नाही.

केतकीने त्या खोट्यावर गाडी बांधली. पेट्रोल नको, माणसाने बाहेर जायला नको. गाडी दर दोन तासांनी आपोआप बॅटरी गरम करणार, हिरवा दिवा लावणार आणि रेडिओवर स्वतःच "तयार" म्हणून कळवणार.

गेल्या महिन्यात चाचणी ठरली. मार्केट यार्डात एकांचं कोल्ड स्टोरेज आहे, मटार ठेवतात, उणे अठरा. मालक ओळखीचे. बाजाराच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही गाड्या आत ढकलल्या. सकाळी दहाला दार उघडायचं. एक हमाल तोंडावर हात ठेवून बघत होता. "बर्फात चालवायची गाडी मटारात कशापायी?"

दहाला दार उघडलं. केतकीच्या गाडीवर हिरवा दिवा जळत होता.

"बघा," ती म्हणाली. "कुणी हात लावलेला नाही. रेडी." आणि तिने थ्रॉटल दाबला. मोटर घुमली. गाडी जागची हलली नाही. फट् आवाज झाला, फ्यूज गेला.

साळुंखेने दोरी ओढली. सातव्या ओढीला इंजिन पेटलं, खोली धुराने भरली. मालक ओरडले, "अहो, माझे मटार! उद्या गिऱ्हाईक म्हणेल, स्मोक्ड दिले!" साळुंखेने क्लच सोडला. गाडी थरथरली, वास आला, पण तीही हलली नाही.

खाली वाकून पाहिलं. संध्याकाळी दार उघडं होतं तेव्हा फरशीवर पाणी जमलं होतं. रात्रभरात दोन्ही पट्टे फरशीला चिकटले होते. सगळे हसायला लागले. सामना बरोबरीत. मला हसू आलं नाही. तसं चिकटलेलं रबर मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं.

बाहेर मालाच्या ओट्यावर चहा आला. केतकीने फाइल काढली. "पट्ट्याचं काही नाही. खाली प्लेट टाकू. मुख्य मुद्दा आपल्याकडे आहे. सोमवारी प्रस्ताव सैन्याकडे जातोय, हिवाळ्यात वर ट्रायल. काका, तुमची केस पहिल्याच पानावर घेतलीये. नाव बरोबर आहे ना, तेवढं बघा."

मी वाचलं. 'इंधन गाळताना राहून गेलेल्या पाण्यामुळे इंधनवाहिनी गोठली. वाहन सुरू होण्यास विलंब झाल्याने लान्स नाईक सोपान ढमाले यांचा मृत्यू.' नाव बरोबर होतं.

मी केतकीला म्हणालो, "खाली बस. साळुंखे, तूही."

मग जे सांगितलं ते असं.

त्या दिवशी सकाळी सहाला मी गाडी चालवली. आठला नाही. दहाला नाही. बाहेर बारीक बर्फ पडत होता, आमच्या राहायच्या हटमध्ये स्टोव्ह पेटलेला होता आणि मी गोष्ट सांगत होतो. आमच्या उसात शिरलेल्या बिबट्याला मी शेपटीला धरून कसा फिरवला, ती. सात जण ऐकत होते. गोष्ट रंगली होती. आठला रेडिओ सेट वाजला, मी न उठता बटण दाबलं आणि म्हणालो, "घोडा गरम." सगळे हसले. दहाला पुन्हा सेट वाजला. मी बिबट्याच्या आवाजात म्हणालो, "घोडा गरम." आणखी हसले.

दहा चाळीसला वरची पोस्ट बोलली. "ढमाले की साँस अटक रही है. मुँह से गुलाबी झाग. ओव्हर." सोपान दहा दिवसांपूर्वी ड्यूटीवर वर गेला होता, जाताना आमचं पुढचं पेट्रोल गाळून ठेवून. फुप्फुसात पाणी भरलं होतं. त्या उंचीवर त्याला एकच औषध, खाली उतरवणं.

बेसने सांगितलं, "हेलिकॉप्टर बारह बजे. दस मिनट रुकेगा. वेदर बंद हो रहा है. घोडा गरम है?"

"गरम है, सर," मी म्हणालो. तिसऱ्यांदा.

वर जायला पंचवीस मिनिटं, यायला तेवीस. पावणेअकराला निघालो असतो तर बाराच्या आधी पंचवीस मिनिटं सोपान हेलिपॅडवर असता. पावणेअकराला मी गाडीपाशी होतो. इंजिन थंडगार पडलेलं. प्लग काढले, स्टोव्हवर शेकले, पुन्हा लावले. अकरा दहाला इंजिन सुरू झालं. पेट्रोल उत्तम होतं. पण पट्टा बर्फात रुतून घट्ट झाला होता. आईस अॅक्सने तो सोडवायला अकरा बत्तीस वाजले. अकरा सत्तावन्नला वर पोचलो. सोपानला स्लेजवर बांधला. शुद्धीत होता. मास्क होता, त्यामुळे बोलला नाही, फक्त गाडीकडे बघितलं. उतरताना डोक्यावरून हेलिकॉप्टर परत जाताना ऐकू आलं. बारा बावीसला हेलिपॅडवर आलो. ते बारा दहाला उडालं होतं. त्यानंतर ढग दोन दिवस हलले नाहीत.

सोपान त्याच दुपारी एक चाळीसला आमच्या हटमध्ये वारला. स्टोव्हजवळ, मी बसलो होतो त्या जागी.

चार दिवसांनी मेजरसाहेब आले. "गाडी को क्या हुआ था?" त्यांनी विचारलं.

"साहब, पेट्रोल में पानी था. लाइन जम गई."

"छाना किसने था?"

मी सांगितलं, "ढमाले ने, सर." त्यांनी लिहून घेतलं. सातही जण समोर उभे होते. सातही जणांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. ते हसले होते ना.

केतकीने फाइल मिटली.

"म्हणजे पेट्रोल की बॅटरी, हा प्रश्नच नव्हता," ती हळू म्हणाली.

"नाही. तुझ्या गाडीवर हिरवा दिवा लागला होता, तसा मी रेडिओवर लावला होता."

तिने फाइल पुन्हा उघडली. मग पेन काढलं आणि पहिल्या पानावर उभी रेघ मारली. "सोमवारी जाणार नाही. जागेवरून दोन हात हलून परत आल्याशिवाय दिवा लागता कामा नये. आणि काका..." थांबली. "तुम्ही मला दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं." मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं.

साळुंखेने मला त्याच्या गाडीने हडपसरला सोडलं. वैदुवाडीपाशी त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "ती स्कूटर नंतर माझ्याच टेबलावर आली होती. लाइन उघडली होती मी. कोरडी होती."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. वाटलं, एवढं बोलतोस, कधीतरी खरं निघेल."

पुढच्या आठवड्यात मी भोरला गेलो. तिथे मी पूर्वी एकदा जेवलो आहे, सोपानच्या वर्षश्राद्धाला. तेव्हा पंगतीत कुणीतरी हळू म्हणालं होतं, त्याच्याच हातून चूक झाली म्हणे. मी मान खाली घालून भात संपवला होता. आता त्याच्या थोरल्या भावासमोर बसून सगळं सांगितलं, वेळांसकट. त्यांनी शिवीही दिली नाही. शेवटी म्हणाले, "आईला सांगायचं व्हतं. ती जाईस्तोवर म्हणायची, माझा सोपा कामात कुचराई करायचा न्हाई. आम्हीच तिला गप करायचो." मग उठून गोठ्याकडे गेले. मी थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

रविवारी आताही मी खडकीला साळुंखेच्या गॅरेजवर जातो. ते दोघं अजून भांडतात. माझ्याकडे वळले तर मी चहा पितो. बिबट्याची गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही.

सोपान गाळायला बसायचा तो हटच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला. दातांत टोकं धरून कातडं ताणायचा, म्हणजे दोन्ही हात कॅनला मोकळे. हातमोज्यावर पेट्रोल सांडलं की बोटं जळतात, तरी घाई नाही. पहिली गाळण झाली की कातडं उलटून बघायचा, झटकायचा आणि तेच पेट्रोल पुन्हा ओतायचा. मी म्हणायचो, "बास की रे, एकदा पुरे." तो म्हणायचा, "तुम्ही घोडा बघा, दाणापाणी माझ्याकडं."

केतकीच्या फाइलीच्या नव्या पहिल्या पानावर त्याचं नाव आहे. खाली एकच ओळ मी लिहून दिली आहे, सहीसकट. लान्स नाईक सोपान ढमाले यांनी गाळलेलं पेट्रोल स्वच्छ होतं.